चिंचेपाशी वळा

आमचे दाभाडे सर माणसांचा पाठलाग करायचे. चोरून करायचे, पण भर दिवसा, भर बाजारात आणि हातात मिटलेली काळी छत्री घेऊन. त्यामुळे ज्याचा पाठलाग चाललाय तो सोडून बाकी सगळ्या शहराला ते दिसायचं.

मला हे पहिल्याच दिवशी कळलं. मी वैजापूर तालुक्यातल्या धनगराची पोर. आमच्या घरात मेंढरं राखणारे पुष्कळ झाले, कॉलेजात गेलेली मी पहिली आणि पदवी घेतलेलीही मीच पहिली. कुणी विचारो न विचारो, हे मी सांगतेच. तर बी.ए.साठी संभाजीनगरला आले तेव्हा बेगमपुऱ्यात सरांच्या माडीवरची खोली ठरली होती. स्टँडवरून फोन केला.

"सर, मी आले. घ्यायला येता का? मला इथलं काही माहीत नाही."

"मुळीच येणार नाय! माहीत नाय म्हणून तर मजा आहे. ऐक. रिक्षा पाणचक्कीपाशी सोड. महमूद दरवाजाखालून नीघ, नदीवरचा पूल ओलांड. मग नाक उघडं ठेव. पावाचा वास आला की त्या गल्लीत शीर. वास संपला की निळं दार. व्हय का नाय?"

मी निघाले. खांद्यावर बॅग, हातात आईनं दिलेली बाजरीची पिशवी, आणि शहरात वास घेत चालले होते. बेकरी आली, गल्ली आली, निळं दारही आलं. कडी वाजवायला हात उचलला तोच मागून टाळी पडली.

"चुकली नाय! पास!"

दचकून पिशवी सोडली मी. मागं एक उंच, काटकुळा म्हातारा. पांढरा सदरा, खिशात कागदांची चळत, काखेत छत्री.

"पाणचक्कीपासून तुझ्या मागं आहे. पुलावर थबकलीस, ते का?"

"नदी बघत होते."

"मग बरं. मला वाटलं माझ्या सांगण्यात कसर राह्यली."

"सर, मागंच होता तर पिशवी तरी धरायची!"

"धरली असती तर तू माझ्या मागं चालली असतीस. मग वाट कुणाला कळली असती?"

आतून बाईचा आवाज आला, "अहो, आधी आत तर येऊ द्या पोरीला. का तिलाबी उंबऱ्यातच पेपर देताय?"

ह्या काकू. सोयगावकडच्या. बुटक्या, गोऱ्या, नऊवारी नेसणाऱ्या, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता हातातल्या कामाकडं बघणाऱ्या. त्यांनी सांडलेली बाजरी सुपात भरली, एक दाणा दाताखाली धरून पाहिला आणि म्हणाल्या, "चांगली हाय. भाकर करू आज." तिथून मी त्या घरातली झाले.

सर भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाले होते, पण पायांना कुणी ते सांगितलं नव्हतं. सरांना मी बसलेलं फार कमी पाहिलं. चहा स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून परत, असा फिरत प्यायचे. पेपर उभ्यानं वाचायचे. दाढी करतानासुद्धा आरसा हातात घेऊन उजेड शोधत घरभर हिंडायचे. काकू म्हणायच्या, "लग्नात सप्तपदीला लई खूश होते. बाकी येळ पाटावर बसायचं म्हणून नुसती चुळबुळ."

शहरातल्या दरवाजांशी त्यांचं नातं तर सोयऱ्याधायऱ्याचं. कुठल्याही दरवाजाखालून जाताना दगडावर पंजा ठेवायचे आणि "बरंय ना?" असं विचारायचे. मला पहिल्यांदा हसू आलं. सहा महिन्यांत मीही हात ठेवायला लागले.

खिशातली ती कागदांची चळत म्हणजे त्यांचा फेरफटका. प्रत्येक कागदावर बेगमपुऱ्यापासून गुलमंडीपर्यंतची तीच वाट लिहिलेली होती. महमूद दरवाजा, पाणचक्की, भडकल दरवाजा, जुना बाजार, सिटी चौक, मछली खडक, गुलमंडी. कुठं मान वर करायची, कुठल्या भिंतीला कान लावला तर पाण्याचा आवाज येतो, कुठं कल्हईवाल्याची ठकठक ऐकू आली की वळायचं, सगळं त्यात. वर मोठ्या अक्षरात, "एकट्याने फिरा." गाईड त्यांना सोसायचा नाही. "गाईड बोलत राहतो आणि माणूस त्याच्या तोंडाकडं बघत राहतो. मग गाव कोण बघणार?" पाणचक्कीवर आलेल्या पाहुण्यांना ते कागद फुकट द्यायचे, "जा, फिरून या" म्हणायचे, आणि मग छत्री काखेत मारून त्यांच्या मागं. माणूस कुठं थांबतो, कुठं चुकतो, कुठं परत फिरतो हे बघायला. चुकला की संध्याकाळी कागदात दुरुस्ती.

मी एकदा म्हणाले, "सर, आमचे वडीलही असेच चालतात. मेंढरांच्या मागून." सर उभे होतेच, पण ते ऐकून आणखी उभे राहिले. "मागून? पुढून नाय?" "पुढून चाललं तर मागं कोण राह्यलं ते कसं दिसेल?" सरांनी दोन्ही हात वर केले. "अगं, ऐकलंस का? हिचा बाप माझा गुरू निघाला!"

"मग गुरूकडून घोंगडी तरी मागून घ्या," काकू आतून म्हणाल्या.

पण हा कागद पाहुण्यांसाठी नव्हता. पाहुणे नुसते सरावाला. कागद काकूंसाठी होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि बोलत कुणीच नव्हतं. मला काकूंनीच सांगितलं, मेथी निवडता निवडता.

लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच वर्षी एकट्या गुलमंडीला गेल्या होत्या, बांगड्या भरायला. सरांनी वाट नीट समजावून दिली होती. जाताना बाजाराच्या गर्दीमागून जमलं. येताना चुकल्या. जुन्या बाजारात फिरून फिरून त्याच जागी यायच्या. दिवस मावळताना रडणाऱ्या काकूंना एका टांगेवाल्यानं घरी आणून सोडलं. बांगड्या राहूनच गेल्या. आणि सर हसले. नुसते हसले नाहीत, दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं, "भूगोलाच्या मास्तरची बायको हरवली!" मग सोयऱ्यांत सांगितलं, बारशाला सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं. सगळे हसायचे. काकू वाढत राहायच्या. त्यानंतर त्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या पुढं एकट्या कधी गेल्या नाहीत.

"आता म्हणतात चल, मी नेतो, मी दाखवतो," काकू मेथीची काडी मोडत म्हणाल्या. "मी सांगितलं, तुमच्या मागं मागं नाय यायचं मला. एक तर एकटी जाईन, नाय तर जाणारच नाय. बांगड्या भरीन तर गुलमंडीवरच भरीन."

मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. लोखंडासारखी जुनी दोन दोन काकणं होती, बस्स.

म्हणून सर पळत होते. कागद असा पाहिजे होता की कुणीही, कधीही, कुणाला न विचारता गुलमंडीला पोचलं पाहिजे आणि परत आलं पाहिजे. तोवर काकूंच्या हातात तो द्यायचा नाही. एकदा चुकलेली बाई दुसऱ्यांदा चुकली तर काय होईल, ह्याची सरांना जी भीती होती ती त्यांच्या पायात होती. तोंडावर कधी आली नाही.

आणि मग ते नागपूरचं जोडपं आलं.

थंडीचे दिवस, कॉलेजला सुट्टी, मी सरांबरोबर होते. नवराबायको दोघं तरुण, हौशी. कागद घेतला, आभार मानले आणि निघाले. आम्ही मागं. भडकल दरवाजापर्यंत झकास चालले. सर खुशीत माझ्या दंडाला छत्री टोचत होते, "बघ, बघ, वर बघतायत! व्हय का नाय!" जुन्या बाजारात शिरले आणि अडकले. पुढं गेले, मागं आले. परत पुढं. दोघंही माना वर करून आभाळात काही शोधत होते. मग नवऱ्याची नजर मागं गेली आणि त्याला आम्ही दिसलो. तो सरळ सरांच्या अंगावर आला.

"काय हो, मघापासून बघतोय, पाठलाग काय करताय? बॅगेवर डोळा आहे का?"

लोक जमले. सर छत्री पाठीमागं लपवायला लागले. शेवटी कुलपं-किल्ल्यांच्या दुकानातून रहीमचाचा उठून आले. तेही सरांएवढेच म्हातारे.

"अरे साहब, छोड़ो, छोड़ो! ये तो सर हैं अपने. क्या सर, फिर लग गए क्या किसी के पीछे? आप कू कित्ती बार बोला, लोगां डरते." मग नवऱ्याकडं वळून, "आप क्या ढूँढ रए?"

बायकोनं कागद पुढं केला. "ह्यात लिहिलंय, चिंचेपाशी वळा. चिंच कुठं आहे?"

"इमली? ये क्या, यहींच है इमली." चाचांनी समोर हात केला. समोर मोबाईलचं दुकान होतं.

"कुठं?"

"यहीं! आप खड़े हैं ना, वहींच."

"अहो, पण झाड कुठंय?"

"झाड़ नहीं है. इमली है."

नवराबायको एकमेकांकडं बघायला लागले. पण जमलेल्या माणसांत कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. चहावाला म्हणाला, "बरोबर आहे, ही चिंचच." भाजीची पिशवी घेतलेली एक बाई म्हणाली, "आम्ही पण चिंचच म्हणतो." तेवढ्यात मला एक गोष्ट सुचली आणि मी विचारलं, "चाचा, झाड कधी पडलं?"

"मेरे कू क्या मालूम, बेटा? अब्बा बोलते थे, उनके बचपन में थी. मैं नहीं देखा."

सरांनी बाईच्या हातातला कागद वाचला. मग हळूच म्हणाले, "मी तरी कुठं पाह्यलीय? माझा बाप म्हणायचा चिंच, म्हणून मी म्हणलो चिंच."

आणि त्यांनी छत्रीनं स्वतःच्याच कपाळावर एक हाणली. इतक्या जोरात की चाचा म्हणाले, "अरे अरे!" सरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं पाय नाचायला लागतील. लागलेच. त्या जोडप्याचे हात हातात घेऊन ते हलवायला लागले. "तुम्ही चुकला! शाबास! तुम्ही चुकला म्हणून बरं झालं! तिनं पण हीच चिंच शोधली असणार! तिलाही मी चिंचच सांगितली होती!"

जोडप्याला काय कळणार? पण नवऱ्यानं घाबरून हात सोडवून घेतला नाही, हे त्याचं चांगलं.

घरी येईपर्यंत मी अक्षरशः धावत होते. सर पुढं. पहिल्यांदाच मी त्यांना कुणाच्या तरी पुढं चालताना पाहिलं. निळं दार ढकललं आणि अंगणातूनच ओरडले, "अगं ए, चिंच नव्हतीच!"

काकू पोळीला तूप लावत होत्या. वर बघितलं नाही.

"तू हरवली नव्हतीस! मी तुला नसलेल्या झाडापाशी वळायला सांगितलं होतं! मीच भूगोलात नापास!"

काकूंनी पोळीची घडी घातली. ताटात ठेवली. मग म्हणाल्या, "मी तवाच म्हणलं होतं तुम्हाला. रडत रडत म्हणलं होतं, चिंच नाय तिथं. तुम्ही हसत होता. हसण्यात ऐकू आलं नसंल."

सर बसले. पाटावर, मांडी घालून, न हलता. पोळी खाल्ली, पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "ज्या ज्या ठिकाणी सांगितलंय, त्या त्या ठिकाणी जाऊन खरं सांगून येतो." आणि खरंच गेले. शाळेत, सोयऱ्यांकडं, सोयगावला सासुरवाडीलाही. "माझी बायको हरवली नव्हती. मी चुकीचं सांगितलं होतं," एवढंच बोलायचे, चहा घ्यायचे, उठायचे. एका भाच्यानं विचारलं म्हणे, "मामा, बरं आहे ना सगळं?"

मग कागद पहिल्यापासून झाला. आता कागदात फक्त डोळ्यांना दिसणारं. जुनी टॉकीज गेली, पडका हौद गेला, "लाल पत्र्याचं हॉटेल" गेलं, कारण पत्रा कधीच निळा झाला होता. किती नसलेल्या गोष्टींवरून आम्ही सगळे चालतो, ते तेव्हा कळलं. सिटी चौकाजवळच्या रसवंतीवाल्याशी तर सरांचं भांडणच झालं. त्याचा गाडा कागदात होता आणि तो ऊन पाहून गाडा सरकवायचा.

"तू हलू नको ना रे!"

"सर, ऊन हलतंय, मी काय करू?"

"तू खूण आहेस. खुणेनं हलायचं नसतं!"

"मग सावली बी तुम्हीच आणा की सर."

शेवटी त्याला कागदातून काढला.

काकूंनी नवा कागद वाचला. चष्मा लावून, चुलीच्या उजेडात नाही, ओट्यापाशी खिडकीत उभं राहून नीट वाचला आणि परत दिला.

"काय झालं?"

"बसायला कुठं हाय, ते नाय लिव्हलं. प्यायला पाणी कुठं मिळतं, ते नाय. आन् बाईमाणसाला मोरीला जायचं झालं तर कुठं जायचं? तुमच्या नकाशात बायका हायतच कुठं?"

मी खिडकीबाहेर तोंड करून हसले. सर कान लाल करून छत्री घेऊन निघाले. पुढचे कितीतरी दिवस हा भला माणूस दुकानादुकानांतून विचारत हिंडला, "तुमच्याकडं बायकांची सोय आहे का?" काहींनी हाकललं. शेवटी जुन्या बाजारात एका डॉक्टरबाईंनी सांगितलं, "आमच्या दवाखान्यात या, सर. कुणालाही पाठवा. लिहून टाका." सर घरी आले ते पदक मिळाल्यासारखे.

आणि एका सकाळी काकूंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. कागदाची घडी कमरेला खोचली.

"मागं कुणी यायचं नाय."

"नाय येत."

"शपथ घ्या."

"देवाशपथ. ही पोरगी साक्षीला."

काकू माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "तू सुदिक." आणि निळ्या दारातून बाहेर पडल्या. त्या बेकरीपर्यंत पोचायच्या आत सर छत्री घेऊन दारात होते. मी म्हणाले, "सर, शपथ!" ते म्हणाले, "देव समजून घेईल. तो पण मागूनच चालतो."

काय सांगू, कशा चालल्या काकू! पूल ओलांडला, महमूद दरवाजाखाली थांबल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि दगडावर पंजा ठेवला. सरांनी माझा हात घट्ट धरला. "बघितलंस? बघितलंस?" आम्ही रिक्षाच्या आडून, केळीच्या गाड्याच्या आडून, एकदा चक्क एका म्हशीच्या आडून चाललो होतो. भडकल दरवाजाच्या कमानीखाली हिरवं लुगडं उन्हात लकाकलं आणि पलीकडं गेलं. जुन्या बाजारात शिरताना मध्ये एक टेम्पो आला. टेम्पो गेला. काकू नव्हत्या.

सर जागच्या जागी फिरले. रहीमचाचांना विचारलं. "भाभी? नहीं देखा, सर." पुढं धावलो. सिटी चौक, मछली खडक, कापडाची दुकानं, माणसांची दाटी. कुठंच हिरवं नाही. दिसलं की दुसरीच बाई. गुलमंडीला सुपारी मारुतीसमोर पोचलो तेव्हा सरांना श्वास पुरत नव्हता. छत्री कुठंतरी टेकायला बघत होते. असा चेहरा त्यांचा मी कधी पाहिला नव्हता.

"परत हरवली गं. परत मीच हरवली तिला."

"सर, फोन लावू?"

"तिनं नेलाच नाय. म्हणाली, कागद असताना फोन कशाला."

तेवढ्यात मागून कुणीतरी छत्री ओढली.

"चुकले नाय. पास."

काकू होत्या. कपाळावर घाम, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, आणि डोळ्यांत पोरीसारखं हसू. "डॉक्टरीणबाईकडं गेले होते. तुम्हीच लिव्हलंय ना कागदात? बाहेर आले तर तुम्ही दोघं पुढं पळताना दिसले. मग म्हणलं, चला, आज आपण मागून चालू. मास्तर कुठं चुकतात का ते बघू."

सरांना हसू आणि रडू एकदमच आलं. मला हसू जास्त आलं. काकूंनी छत्री सरांच्या हातात परत दिली आणि बांगड्यांच्या गल्लीकडं पाहिलं. मग त्यांना सरांच्या खांद्याला धरून सुपारी मारुतीसमोर, रस्त्याच्या बरोबर कडेला उभं केलं. पेटी सरकवावी तसं.

"मी बांगड्या भरून येते. परत इथंच यीन. तुम्ही इथून हलायचं नाय. तुम्ही हलला तर मी चुकंन."

आणि गर्दीत शिरल्या. मागं न बघता.

माझं कॉलेज तेव्हा संपत आलं होतं, चिकलठाण्याला नोकरी लागायची होती, आणि त्याच दिवशी दुपारी मला मुलाखतीला जायचं होतं. मी सरांचा निरोप घेऊन निघाले. नंतर खोली सोडतानाही भेटले असेन, पण सर म्हटलं की मला तीच गुलमंडी दिसते. मछली खडकाच्या तोंडाशी जाऊन मी मागं वळून पाहिलं. चहासुद्धा उभ्याउभ्या फिरून पिणारा तो माणूस भर बाजारात खांबासारखा उभा होता. छत्री सरळ, पाय जोडलेले. हातगाडीवाला त्यांच्यासमोर येऊन थांबला होता आणि ओरडत होता, "ओ चाचा, बाजू हटो ना! काइकू बीच में खड़े?"

"नाय हलत," सर ओरडून म्हणाले. "वळून जा! मी खूण आहे!"

आणि हातगाडीवाला शिव्या देत, गाडी तिरपी करून, त्यांना वळसा घालून गेला.